काळी एकच्या काठावरचा पंखा

बाबांनी षड्ज लावला, चार-पाच सेकंद धरला आणि सोडून दिला. तंबोरा तसाच छेडत राहिले, डोळे मिटलेले. मग म्हणाले, "अगं, इथे दुसरं काय वाजतंय?"

मी टेबलाखालच्या, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडे बोट दाखवलं. "आतला पंखा आहे बाबा. थंडीत जरा खरखरतो. दहा-बारा मिनिटांत बसेल."

"खरखर नव्हे. ती ऐकू येतेय मला. त्याच्याखाली वूं-वूं चाललंय ते."

मला वूं-वूं ऐकू येत नव्हतं. त्यांनी तंबोरा थांबवला, हात वर करून मलाही गप्प बसवलं आणि मांडीवर बोटाने ठेका धरला. वूं, वूं, वूं, वूं. त्यांच्या बोटावर लक्ष ठेवल्यावर मलाही ऐकू आलं. आवाज बारीक होता, पण फुगत होता आणि ओसरत होता, सेकंदाला दोनदा. एकदा ऐकू आल्यावर मग दुसरं काही ऐकूच येईना.

मी मिरजेत घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अधूनमधून एखादं पुस्तक. कॉम्प्युटर 2018 मध्ये जुळवून घेतलेला, सहा कोअरचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कामापुरता तो अजूनही उत्तम आहे, आणि त्याचा आवाज मला कामात कधी खटकला नव्हता. बाबा 76 वर्षांचे. शाळेत संगीत शिक्षक होते. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही आहे, तीत त्यांच्या गुरुजींकडून मिळालेल्या 74 बंदिशी स्वरलिपीसकट लिहिलेल्या आहेत. पण स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडाच उतरतो. कुठला स्वर किती रेंगाळायचा, कुठे अंग चोरायचं, हे त्यांच्या गळ्यात आहे, आणि गळा आता लवकर थकतो. म्हणून गेल्या डिसेंबरात मी एक यूएसबी माइक घेतला आणि रोज सकाळी एक बंदिश, असं ठरवलं. सकाळीच, कारण बाबांचा आवाज तेव्हा मोकळा असतो. आणि नेमका सकाळीच तो पंखा खरखरायचा.

पंख्याची एवढी पंचाईत कशाला, रेकॉर्डिंगमधला आवाज सॉफ्टवेअरने काढून टाकता येतो, असं मलाही वाटलं होतं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. नुसत्या खोलीच्या आवाजाचा तुकडा त्याला दाखवायचा, मग तो तेवढा आवाज बाकीच्यातून वजा करतो. मी केलं. खरखर गेली, वूं-वूं गेलं, आणि त्याबरोबर तंबोऱ्याचाही जीव गेला. जोडाच्या तारा, म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या दोन, पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारख्या ऐकू यायला लागल्या. असं का झालं ते तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. बाबांचा षड्ज काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. पियानोच्या मापाने तो साधारण 138.6 हर्ट्झ. आणि पंख्याचा आवाज त्याच्या अगदी अंगाला अंग लावून बसला होता. सॉफ्टवेअर एकाला उचलायला गेलं की दुसरा सोबत उचलला जायचा. म्हणजे आवाज मुळातच बंद करायला हवा होता.

कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. दुकान भर रस्त्यावर, बाहेर रिक्षा, आत चार मशिनं चालू. रिक्षातून नेईपर्यंत आणि माझी पाळी येईपर्यंत दुपार झाली होती. तिथे कॅबिनेट चालू केल्यावर ना खरखर, ना काही. तरी दुकानदारांनी मागे, एसएमपीएसला म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, हात लावून सांगितलं, "एसएमपीएसचा फॅन गेलाय. तो सुट्टा बदलत नाहीत, अख्खा एसएमपीएस टाका." अडीच हजार सांगितले. मी उद्या सांगते म्हणून कॅबिनेट परत आणलं. पैशांपेक्षा मला हे पटेना, की जो आवाज त्यांनी ऐकलाच नाही त्याचं कारण ते सांगत होते.

त्या रात्री पहिलं काम केलं ते म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवल्या. आवाज पंख्याचाच आहे हे अजून नक्की नव्हतं. कॅबिनेटमध्ये फिरणारी आणखी एक वस्तू असते, हार्ड डिस्क. ती कुरकुरायला लागली तर पुढचं निदान करायला वेळ देईलच असं नाही. ज्यांच्याकडे जुनी फिरती हार्ड डिस्क आहे त्यांनी कुठल्याही अनोळखी आवाजाला आधी हाच उतारा द्यावा, असं मी कळकळीने सांगेन.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसरवरचा कूलर काढून त्या दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली. व्हिडिओंमध्ये सगळे तेच सांगतात. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, बदलायला हवीच होती, तापमानही पाच-सहा अंशांनी उतरलं. आवाजात तसूभर फरक पडला नाही. धूळ काढली. ब्लोअर मारताना पात्याला बोट लावून धरायचं, हे मात्र मला आधीपासून माहीत होतं. नाहीतर हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो, बेअरिंगचं नुकसान होतं, आणि फिरणारी मोटार उलटी वीज तयार करते ती वेगळीच. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर राखाडी लोकरीसारखा थर पडला. आवाज तसाच.

मग मी हातातलं सगळं ठेवून दिलं आणि ठरवलं की आता काही बदलायचं नाही, फक्त ऐकायचं.

पहिला प्रश्न असा की आवाज कामाबरोबर वाढतो का? प्रोसेसरच्या पंख्याचा वेग तापमानावर ठरतो. तापमान आणि पंख्याचा वेग दाखवणारं एचडब्ल्यूमॉनिटर हे सॉफ्टवेअर उघडून ठेवलं आणि एक मोठं, चित्रांनी भरलेलं पुस्तक पीडीएफ करायला लावलं. पंखा 1,000 आरपीएमवरून, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांवरून, 2,000 च्या वर गेला, हवेचा सूं आवाज स्पष्ट वाढला. पण खरखर होती तेवढीच राहिली आणि वूं-वूंची लयही बदलली नाही. बाबा बाजूला बसून बोटावर मोजत होते. म्हणजे प्रोसेसरचा पंखा निर्दोष. ज्याचा वेग दुप्पट झाला त्याच्या आवाजाची लय तीच कशी राहील? ही परीक्षा फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि तीच मी सगळ्यात आधी करायला हवी होती.

दुसरं, आवाज येतो कुठून? उघड्या कॅबिनेटशी कान नेला तर सगळीकडून सारखाच येतो असं वाटतं, कारण पत्रा सगळा आवाज सगळीकडे पसरवतो. आमच्याकडे बांधकामातून उरलेला लेव्हल पाइप होता, गवंडी पाणसळ बघायला वापरतात तो पारदर्शक. त्याचा दोन फुटांचा तुकडा कापला. एक टोक कानाशी आणि दुसरं हातात धरून पंख्यांच्या जवळून फिरवायचं, पात्यांना लागणार नाही एवढ्या अंतरावरून. डॉक्टरांच्या नळीसारखंच काम झालं. एसएमपीएसच्या जाळीशी नुसता वाऱ्याचा आवाज, एकसारखा. हार्ड डिस्कशी एक खालचा गुंजारव. पुढच्या पंख्याशी सूं आणि त्यात एक स्वर. मागच्या पंख्याशी नळी नेली आणि मी दचकून मागे सरले, इतकी खरखर कानात शिरली. वाळूवर डबा ओढावा तशी.

खरखर सापडली होती. पण बाबांचं वूं-वूं नळीतून कुठेच ऐकू येत नव्हतं. पुढच्या पंख्याशी नाही, मागच्याशी नाही. नळी काढून मागे बसलं की मात्र होतं.

मी बाबांना हे सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "एका तारेत ते नसतंच मुळी. जोडाच्या दोन तारा वेगवेगळ्या छेड, दोन्ही स्वच्छ वाजतील. एकत्र छेड आणि एक केसभर उतरलेली असू दे, म्हणजे असं डुलतं. आपण तंबोरा लावतो तो हे डुलणं ऐकतच लावतो. डुलणं संथ होत होत थांबलं, की जुळला." मग म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात दोन आहेत. आणि ते जवळजवळ एका सुराचे आहेत."

बारावीला पदार्थविज्ञानात याला विस्पंद म्हणतात हे मला आठवलं. दोन स्वरांच्या कंपनांत दोनाचा फरक असेल तर सेकंदाला दोन विस्पंद. मी हे परीक्षेत लिहिलं होतं, घरात रोज होताना ऐकलं होतं, आणि दोन्ही एकच आहे हे मला चाळीस वर्षांत कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

मिरजेत तंबोरा ही काही लांबची गोष्ट नाही. सतारमेकर गल्लीतून जाताना भोपळे वाळत घातलेले दिसतात, आणि 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाबांचा तंबोरा तिथलाच, माझ्या जन्माच्या आधीचा.

आता मोजायचं होतं. माइक कॅबिनेटजवळ ठेवून दोन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड केला आणि ऑडॅसिटीत प्लॉट स्पेक्ट्रम उघडलं. यात आवाजातल्या वेगवेगळ्या कंपनांचे डोंगर दिसतात. पहिल्यांदा एक जाड उंचवटा दिसला, 140 च्या आसपास. मग साइझचा आकडा सगळ्यात मोठा केला, तेव्हा त्या उंचवट्याचे दोन सुळके झाले. एक 138 वर, एक 140 वर. स्क्रीनवर ते दोन सुळके शेजारी शेजारी उभे बघून मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून वाकून बघितलं आणि विचारलं, "आणि हा अलीकडचा कोण?"

अलीकडे आणखी दोन होते. एक 100 वर, एक 120 वर. 120 चा उलगडा सोपा होता. माझी हार्ड डिस्क मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला बरोबर 120. बाबांनी कान देऊन तोही सूर गुणगुणला आणि म्हणाले, "मंद्रातला कोमल निषाद, पण चांगलाच उतरलेला." मी नंतर गणित केलं. त्यांच्या षड्जाचा मंद्र कोमल निषाद 123 ते 125 च्या दरम्यान येतो. 120 म्हणजे खरोखरच उतरलेला. 100 चा मालक तेव्हा सापडला नाही.

पंख्यांचा हिशेब असा. पंख्याचं प्रत्येक पातं चौकटीच्या आडव्या पट्टीसमोरून जाताना हवेला एक धक्का देतं. माझ्या दोन्ही पंख्यांना सात-सात पाती. म्हणजे स्वराच्या आकड्याला 60 ने गुणायचं आणि सातने भागायचं, की मिनिटाचे फेरे. 140 चे झाले 1,200. 138 चे 1,183. हे मला इतकं उपयोगी पडलं त्याचं कारण म्हणजे या दोन पंख्यांचा वेग दाखवणारं दुसरं काही माझ्याकडे नव्हतंच. कॅबिनेटबरोबर आलेले स्वस्तातले पंखे एसएमपीएसच्या जाड चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरला सरळ जोडलेले होते. त्यांना कायम 12 व्होल्ट मिळतात, ते कायम पूर्ण वेगात फिरतात, आणि मदरबोर्डला ते आहेत हेही ठाऊक नसतं. एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये फक्त प्रोसेसरचा पंखा दिसतो, तो दिसतो तेवढाच खरा असं मानून मी बसले होते.

पुढच्या परीक्षेला दोन सकाळी लागल्या. खरखर फक्त गार मशिनमध्ये यायची, म्हणून एका दिवशी एकच प्रयोग. रात्री कॅबिनेट बंद केलं, प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून आत उरलीसुरली वीज संपवली, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, आणि मागच्या पंख्याचा कनेक्टर काढून ठेवला. सकाळी चालू केलं. खरखर नाही. वूं-वूं नाही. पुढच्या पंख्याचा एकटा, सरळ, न डुलणारा स्वर. दुसऱ्या रात्री उलट केलं, मागचा जोडला आणि पुढचा काढला. सकाळी खरखर होती, वूं-वूं नव्हतं.

खरखरीला एक पंखा पुरत होता आणि वूं-वूंला दोन लागत होते. काही जण चालू पंख्याच्या मधल्या बोंडावर बोट टेकवून तो थांबवून बघतात. मला ते पटत नाही. पात्याला बोट लागलं तर पातं तुटतं, आणि एक पातं तुटलेला पंखा कायमचा थरथरतो. वायर काढणं जास्त वेळखाऊ आहे, पण उत्तर निर्विवाद मिळतं.

मागचा पंखा काढला. चार स्क्रू, जाळीत अडकलेले, एकाची खाच झिजलेली. तो टेबलावर कागद पसरून ठेवला आणि मधला गोल स्टिकर नखाने हळूहळू सोडवला. खाली तपकिरी-काळा चिकट लेप होता, वाळलेल्या गुळाच्या पाकासारखा. तो कापसाने पुसल्यावर शाफ्टच्या टोकाला बसवलेली एक इवलीशी पांढरी चकती दिसली, एका बाजूला चीर असलेली. सुईने ती चीर उघडून चकती काढली. ती हरवली की पंखा गेला, म्हणून ती काढल्या काढल्या स्टिकरच्याच चिकट बाजूवर ठेवली. मग पाती वर ओढली, ती लोहचुंबकाच्या ओढीने जरा रेंगाळली आणि निघाली.

हा बुश बेअरिंगचा पंखा. यात छर्रे नसतात. सच्छिद्र धातूची एक नळी असते, तिच्यात तेल मुरवलेलं असतं, आणि शाफ्ट त्या तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल उष्णतेने उडत जातं. मागचा पंखा आतली सगळी गरम हवा बाहेर टाकतो, त्यामुळे त्याचं तेल पुढच्याच्या आधी आटलं असणार. उरलेलं तेल धुळीबरोबर घट्ट होतं, गारठ्यात ते आणखी घट्ट बसतं आणि शाफ्ट बुशच्या भिंतीला घासत फिरतो. ती खरखर. दहा मिनिटांनी ऊब लागली की तेच तेल पातळ होऊन पसरतं आणि पंखा गप्प होतो. दुकानात दुपारी तो गप्प का होता याचं उत्तर हेच. शाफ्ट मी उजेडात धरून फिरवला. एका बाजूला त्याची चकाकी वेगळी होती, नखाला लागेल न लागेल अशी झीज. ती बघूनच मला थोडी शंका आली होती.

तेल कुठलं घालायचं? शेजारच्या काकूंनी खोबरेल सांगितलं. त्यांच्या घरी दाराच्या बिजागरीपासून सगळ्याला तेच चालतं. पण खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं, डिसेंबरात बाटलीतच पांढरं होतं. ज्या पंख्याचं दुखणं गारठ्यातलंच आहे त्याला ते कसं द्यायचं? गंज सोडवायचा फवारा तर नकोच. तो असलेलं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. बुश कापसाच्या काडीने साफ करून त्यात दोन थेंब सोडले, शाफ्ट घातला, चकती बसवली, वर आणखी एक थेंब. आधी बोटाने फिरवला की दोन फेऱ्यांत अडायचा, आता सात-आठ फेरे सहज गेला. जुना स्टिकर तेलकट झाल्याने चिकटेना, म्हणून जागा स्पिरिटने पुसून चिकटपट्टी लावली. ही जागा उघडी राहिली तर तेल आठवड्यात बाहेर उडतं.

पुढच्या सकाळी खरखर नव्हती. वूं-वूं होतं, पण ते फार संथ झालं होतं, दोन सेकंदांत एकदा. बाबा म्हणाले, "लय उतरली. सूर अजून जुळला नाही." स्पेक्ट्रम बघितलं तर मागच्या पंख्याचा सुळका 138 वरून जवळजवळ 139.5 वर सरकला होता. घर्षण कमी झालं म्हणून तो मिनिटाला तेरा फेरे जास्त घेत होता. मला हे फार आवडलं. दोन थेंब तेलाचा परिणाम बाबांना आकडा न बघता कळला होता.

त्या दोन आठवड्यांत चार बंदिशी झाल्या. मग एका सकाळी बाबा म्हणाले, "पुन्हा भरभर डुलायला लागलंय." खरखर अजिबात नव्हती, नळी लावली तरी नव्हती. मला वाटलं त्यांना भास होतोय. तीन दिवसांनी, म्हणजे तेल घातल्यापासून सतराव्या दिवशी, खरखर परत आली.

शाफ्टवरची झीज बघूनच हे ओळखायला हवं होतं. पंखा हातात धरून पाती आडवी हलवली तर टिक्-टिक् खेळ लागत होता, पुढच्या पंख्यात तेवढा नव्हता. बुशचं भोक झिजून मोठं झालं की तेलाचा थर टिकत नाही. तेव्हा तेल हा औषधाचा डोस असतो, बरं होणं नव्हे. ज्याच्या शाफ्टला खेळ नाही त्या पंख्याला तेल घालावं, वर्षानुवर्षं चालेल. खेळ आला असेल तर नवा घ्यावा.

मी दोन्ही बदलायचं ठरवलं, कारण प्रश्न एका पंख्याचा नव्हता, जोडीचा होता. 120 मिलिमीटरचे, फ्लुइड बेअरिंगचे, बारीक चार पिनांचे, दोन्ही मिळून तेराशे रुपये. चार पिनांचा फायदा असा की मदरबोर्ड त्यांचा वेग वाचतो आणि बदलतोही. चौथ्या वायरीतून सेकंदाला 25,000 वेळा चालू-बंदचा इशारा जातो, तो इतका वरचा की माणसाच्या कानाला कळत नाही. मदरबोर्डवर दोन जागा रिकाम्या होत्या, सहा वर्षं रिकाम्याच होत्या. स्क्रूऐवजी बरोबर आलेल्या रबरी खुंट्या लावल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवला की आवाज निम्मा व्हायचा हे मी आधीच बघितलं होतं, म्हणून त्या पत्र्याच्या कडेलाही फोमची पट्टी चिकटवली आणि कॅबिनेट घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवलं.

वेग ठरवताना बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून मागचा पंखा 850 आरपीएमच्या आसपास ठेवला आणि पुढचा 700 च्या. मुद्दाम वेगवेगळे. दोन पंखे एकाच वेगावर लावले तर ते कधीच तंतोतंत एक राहत नाहीत, दहा-वीस फेऱ्यांचा फरक पडतोच आणि मग डुलणं सुरू होतं. लांब लांब ठेवले की फरक इतका मोठा होतो की डुलल्यासारखं वाटत नाही. नव्या पंख्यांना नऊ पाती आहेत. 700 ला नऊने गुणून 60 ने भागलं तर 105 येतात. बाबांचा मंद्र पंचम 104. मी हे सांगितल्यावर ते सरसावून बसले. "मग पंचमावरच लाव की." मी टक्क्यांचा आकडा एकेक खाली-वर करून 690 ते 705 च्या मध्ये आणला. 104 साठी लागणाऱ्या नेमक्या 693 वर तो थांबत नाही, श्वास घेतल्यासारखा थोडा वरखाली होतो. पण तिथेच ठेवलाय.

वेग कमी केला की हवाही कमी फिरते, साधारण त्याच प्रमाणात. आवाज मात्र त्याहून कितीतरी वेगाने पडतो. वेग निम्मा केला तर सुमारे 15 डेसिबल, असा ठोकताळा आहे. म्हणून पुस्तकाची तीच पीडीएफ पुन्हा काढून तापमान बघितलं. आधी 66 अंशांपर्यंत जायचं, आता 70 पर्यंत. या प्रोसेसरची मर्यादा 100 आहे. चार अंश मी आनंदाने दिले. एप्रिलमध्ये पुन्हा बघितलं तेव्हा 76 होतं, मग मागचा पंखा थोडा वाढवला.

एसएमपीएस तोच आहे, त्याला हातही लावलेला नाही. त्याचा डबा घरी कुणीच उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

राहिला 100 हर्ट्झचा सुळका. पंखे गप्प झाल्यावर तो स्पेक्ट्रममध्ये एकटा उंच दिसायला लागला. कॅबिनेट पूर्ण बंद करून मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी होता. खोलीतली जुनी ट्यूबलाइट बंद केली आणि गेला. तिचा लोखंडी चोक, 50 हर्ट्झच्या विजेवर दर सेकंदाला 100 वेळा थरथरणारा. आता रेकॉर्डिंगला टेबललॅम्प असतो, आणि बाबांना वही वाचायला तोच बरा पडतो.

आता स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येतो. आधी तो पंख्यांच्या मागे लपलेला होता. रेकॉर्डिंगच्या आधी मी त्याचं बटण बंद करते आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवते, म्हणजे घराबाहेर पडताना तो पुन्हा चालू करायचं राहत नाही. काल तोडी झाला. 11 बंदिशी झाल्यात, वहीत अजून 63 आहेत.